तुस्कानो अंकलची हरळी

गवतावर पाय ठेवण्याआधी ते चपला काढून हातात घेत. सकाळचा चहा अर्धा पीत, उरलेला कुठंतरी विसरत, आणि दुपारी तोच गार चहा सापडला की कुणी नव्यानं आणून दिल्यासारखे खूश होत. टँकर आला की आधी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत. कुणी सिगारेटचं थोटूक हिरवळीत टाकलं तर रागावत नसत. ते उचलून त्याच माणसाच्या हातात देत. घरच्या पत्राला उत्तर त्याच दिवशी लिहीत आणि पेटीत टाकायला आठवडा लावत. गवत कापायचं यंत्र बंद केल्यावर त्याच्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहत, औतावरून सोडलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आणि बोलता बोलता खाली वाकून काहीतरी उपटत. उपटण्यासारखं काही नसलं तरी.

हे सगळं प्रशांतनं रोज पाहिलं. माणूस रोज समोर असला की त्याचं असलं काही कुणी मनात टिपून ठेवत नाही. ते गेल्यावर एकेक आठवत गेलं.

ॲलॉयसियस तुस्कानो, राहणार वसई. ओमानात इब्री गावाबाहेर, तेलाच्या विहिरींकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ठेकेदार कंपनीचा कॅम्प होता. कॅम्पाच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी बांधलेलं गेस्ट हाऊस आणि त्याच्यासमोर चाळीस पावलं लांब, पंचवीस पावलं रुंद हिरवळ. चहूकडे नुसता खडीचा रंग. त्यात तेवढाच एक हिरवा तुकडा. कंपनीचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, कुणाला घेऊन आला की आधी त्याला या हिरवळीच्या काठाशी उभा करायचा, मग आत न्यायचा. एक्क्याण्णव साली तुस्कानो आले तेव्हा त्या जागी डिझेलची रिकामी पिंपं पडलेली असत. पुढची बारा वर्षं ते त्या जमिनीच्या मागं लागले. कॅम्पावर बहुतेक सगळे त्यांना अंकल म्हणत. मॅनेजरसुद्धा.

प्रशांत तिथं आला तो दोन हजार दोनच्या ऑगस्टात, स्टोअरकीपर म्हणून. रत्नागिरीकडचा मुलगा, मराठी साहित्यात एम.ए. झालेला, दोन वर्षं नोकरी शोधून दमलेला.

"एम.ए. मतलब कितना पढ़ा?" पाण्याचा टँकर चालवणाऱ्या हैदराबादच्या हुसैनमियाँनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सत्रह साल."

"या अल्ला! और गिनना क्या है? सिमेंट की बोरियाँ!"

मेसमधले सगळे हसले. तुस्कानो हसले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी प्रशांतला हिरवळीकडे नेलं.

"मराठी शिकलास? पुरी?"

"हो अंकल."

"मग या गवताचं नाव सांग."

प्रशांतनं वाकून पाहिलं. "बर्म्युडा. स्टोअरच्या यादीत तसंच लिहिलंय."

"वाया गेलं तुझं एम.ए. अरे, हरळी आहे ही. हरळी! माझा बाप हिच्यापायी कमरेत वाकला. सगळा जन्म वाडीतून उपटून बांधावर टाकत होता. आणि मला हिला वाढवायचा पगार मिळतो. बापाला कळलं तर कबरीतून उठून येईल आणि त्याच खुरप्यानं मला सोलून काढील."

त्या दिवसापासून संध्याकाळी प्रशांत त्यांच्यापाशी जाऊन बसू लागला. तुस्कानो घरी सामवेदी, म्हणजे वसईकडची बोली, बोलत. प्रशांतशी बोलताना मात्र शाळेतली मराठी काढत, ठेवणीतला शर्ट काढावा तशी. बोलणं बहुधा वाडीवर येई. केळी, पानवेली, मोगरा. वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. मग गावात पंप आले, टँकरवाल्यांनी विहिरी तळापर्यंत उपसल्या, बावखलं बुजवून त्यांवर घरं उठली. एका उन्हाळ्यात तुस्कानोंच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. पुढच्या उन्हाळ्यात खारट.

"आधी केळीच्या पानाची कड जळाली," ते म्हणाले. "नुसती कड. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मीठ नेहमी कडेनं आत येतं, प्रशांत. मधोमध दिसायला लागलं की समजायचं, घर त्याचं झालं."

त्यानंतर ते ओमानला आले. मुलगा ऑलविन वाडी बिल्डरला देऊ या म्हणत होता. बायको थेरेसा मध्ये अडकली होती. तेव्हा घरात एक ठरलं: तुस्कानोंचा पगार चालू आहे तोवर वाडी विकायची नाही. आता त्यांना आणखी दोनच वर्षं हवी होती. साठाव्या वर्षी कंपनी घरी पाठवणारच होती. मग गावी जाऊन बावखल पुन्हा खोदायचं, पावसाचं पाणी विहिरीत उतरवायचं. दहा पावसाळ्यांत विहीर गोडी धरते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते खरं की खोटं, हे त्यांनी कधी तपासलं नाही. त्यांचा करार दोन हजार चारच्या मार्चात संपत होता. हे शेवटचं नूतनीकरण.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात गेस्ट हाऊसच्या बाजूनं खडीच्या ट्रकांसाठी नवा कच्चा रस्ता काढला. दिवसाला साठ-सत्तर ट्रक. प्रत्येक ट्रकामागं धुळीचा लोट उठे आणि सावकाश हिरवळीवर बसे. तुस्कानो सकाळी नळीनं गवत धूत; दुपारी ते पुन्हा पिठात घोळल्यासारखं दिसे. त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली. मॅनेजर रॉबिन, वांद्र्याला वाढलेला, पस्तिशीचा. वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता.

"अंकल, डोंट वरी. धुळीचं औषध मागवलंय."

नोव्हेंबरात औषध आलं. कुठल्यातरी थंड देशातला उरलेला माल, चारशे गोण्या. गोणीवर चित्र होतं: बर्फात अर्धं बुडालेलं घर, दारात लाल टोपीवाला माणूस, हातात फावडं. गोण्या उतरवताना तुस्कानो येऊन उभे राहिले.

"काय रे हे?"

"मीठ आहे, अंकल. तिकडं पायऱ्यांवर, वाटेवर टाकतात. बर्फाचं पाणी होतं."

"आणि इथं कसला बर्फ?"

"इथं रस्त्यावर टाकायचं. हे हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणे. वर टँकरनं थोडं पाणी मारलं की माती दमट राहते, धूळ उडत नाही."

तुस्कानो चित्राकडे बघत राहिले. "या माणसाचं गवत कुठंय?"

"बर्फाखाली असेल."

"असेल," ते म्हणाले.

पांढऱ्या पापड्या रस्त्यावर पसरल्या. हुसैनमियाँनी वर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी रस्ता तेल प्यायल्यासारखा काळपट झाला आणि धूळ बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हिरवळ हिरवी दिसली. तुस्कानो इतके खूश झाले की रॉबिनच्या ऑफिसात जाऊन थँक्यू म्हणून आले.

"तुस्कानो, तेरी घास तो अब नवाब हो गई," हुसैनमियाँ म्हणाले. "सड़क भी उसके लिए पानी पीती है."

"जलता है तू. तेरे सर पे तो उगती नहीं."

हुसैनमियाँनी टोपी काढून टक्कल दाखवलं. "बोओ इधर भी. पानी मैं डालूँगा."

हिरवळीच्या मधोमध तीन माड होते. तुस्कानोंनी सलालाहून रोपं आणून लावले होते. सलालाला माड होतात, तिथं समुद्र आहे. इब्रीत माड लावणं म्हणजे हट्ट. आठ वर्षांत ते छातीएवढे झाले होते, झावळ्या पिवळ्या, फळाचा पत्ता नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला तुस्कानो स्टोअरमध्ये आले.

"ती फाटलेली गोणी कुणाच्या हिशोबात आहे?"

"कुणाच्याच नाही. अर्धी सांडली होती. का?"

त्यांनी एक पापडी उचलून जिभेला लावली.

"अंकल, खाऊ नका!"

"मीठच आहे. थोडं कडू." त्यांनी तोंड पुसलं. "माडाला कुठं चव कळते? आमच्याकडं दर वर्षी आळ्यात मीठ देतात. बाप द्यायचा. तुमच्याकडं?"

"आमच्याकडंही देतात," प्रशांत म्हणाला. त्याचे वडील मिरगाच्या आधी प्रत्येक माडाच्या बुंध्याशी जाडं मीठ टाकत. ते भांडं धरायचं काम त्याचंच असे. किनाऱ्यावरच्या माणसाला यात विचारण्यासारखं काही वाटलं नसतं. त्यालाही वाटलं नाही. त्यानं चिठ्ठी न फाडता गोणी दिली. तुस्कानोंनी तिन्ही माडांना आळी केली, सढळ हातानं वाटली, माती ओढली, पाणी दिलं.

नाताळ झाला. नव्या वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुस्कानो प्रशांतला बोलवायला आले. चपला हातात होत्या. माडांभोवती गवताचा रंग बदलला होता. पिवळा नव्हे, राखेसारखा निळसर. पातं मिटून सुईसारखं झालेलं. हाताला माती ओली लागत होती.

"तहानलंय," प्रशांत म्हणाला.

"ओल्यात उभं राहून तहानलंय." तुस्कानो त्या गवतावर एकदा चालले आणि मागं वळून बघितलं. पावलांचे ठसे तसेच राहिले होते. "चांगली हरळी पाऊल लगेच विसरते. ही बघ."

त्यांनी बोटभर माती जिभेला लावली. थुंकून टाकली. नुसते बसून राहिले.

जानेवारीच्या मध्यावर पाऊस झाला. तासभरच, पण इब्रीत तासभर पाऊस म्हणजे वर्षाचा पाऊस. रस्ता हिरवळीपेक्षा हातभर उंच होता. दोन महिने त्याच्यावर गोण्यांवर गोण्या पडत होत्या, कारण धूळ जरा दिसली की रॉबिन म्हणायचा, "डालो और." ते सगळं पाणी उतारानं खाली आलं. आठवड्याभरात रस्त्याच्या बाजूचा सहा-सात पावलांचा पट्टा राखी झाला, मग तपकिरी. वाळल्यावर मातीवर पांढरी साय धरली. माडांभोवतीची वर्तुळं मोठी होत गेली. आपल्या हातचं मीठ पाण्याबरोबर फिरून कडेला गेलं, असं तुस्कानोंनी मनाशी धरलं. ते दिवसरात्र पाणी देऊ लागले. पण बोअरचं पाणी मुळातच मचूळ. त्यानं पट्टा आणखी रुंदावला.

वीस जानेवारीला रॉबिन आला. प्रशांत खिळ्यांचं खोकं देऊन परत येत होता, तोही थांबला.

"अंकल, हे काय? फेब्रुवारीच्या लास्ट थर्सडेला तेल कंपनीचे लोक येणार. अर्बाबनं लंच लॉनवर ठेवलंय. ऐंशी माणसं."

"माझी चूक झाली," तुस्कानो म्हणाले. "माडांना मीठ घातलं. ते पसरलं."

"कुठलं मीठ?"

"रस्त्याचं."

"कुणी दिलं?"

प्रशांतच्या हातात पावती पुस्तक होतं. त्यानं तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं.

"कोण देणार? पडलेली गोणी होती. मी उचलली," तुस्कानो म्हणाले. त्यांनी प्रशांतकडे पाहिलंसुद्धा नाही.

रॉबिननं कमरेवर हात ठेवले. "बारा वर्षं गार्डनर आहात तुम्ही. मीठ? गवतात?" त्याला खरोखर कळत नव्हतं. वांद्र्याच्या चौथ्या मजल्यावर माड नसतात. "बघा अंकल, मी खरं सांगतो. तुमच्या रिन्यूअलचा पेपर माझ्या टेबलावर आहे. लंचच्या दिवशी लॉन ग्रीन दिसलं तर सही करतो. नाही तर खलास. मग अर्बाबला मी काय तोंड दाखवू?"

तुस्कानोंनी मान डोलावली. पाच आठवडे होते.

त्या संध्याकाळी प्रशांत स्टोअरमध्ये बसून राहिला. मग उठून त्यानं नोव्हेंबरची फाईल काढली. त्या मालाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आला होता. तेव्हा त्यानं वरची चारशेची संख्या बघून तो फाईलला लावला होता. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलू शकणाऱ्या माणसानं ते पान उलटून पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत सगळं होतं. गवत आणि झाडांच्या मुळांपासून दूर ठेवा. पातळ थर द्या. जास्तीचं झाडून काढा. याचं पाणी हिरवळीत उतरू देऊ नका. चुकून पडलं तर लगेच भरपूर गोड्या पाण्यानं धुवा.

माडांना अर्धी गोणी गेली होती. रस्त्यावर तीनशेवर गोण्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन रॉबिनकडे गेला. रॉबिननं शेवटपर्यंत वाचला. मग कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हा पेपर कधी आला?"

"नोव्हेंबरमध्ये."

"कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"आणि स्टोअरच्या बाहेर पडलेली गोणी. तुझ्या स्टोअरला कुलूप असतं ना?"

प्रशांतनं पालथ्या कागदाकडे पाहिलं.

"मी काही विचारत नाही," रॉबिन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पण हा पेपर अर्बाबकडे गेला तर आधी रस्त्याची ऑर्डर कुणाची ते निघेल. माझी. मग पेपर कुणी दाबला. तू. मग अंकलचं मीठ. तिघं जाऊ. तुला जायचंय?"

घरी बहीण रेवा, तिचं लग्न ठरलेलं. प्रशांतनं हे रॉबिनला सांगितलं नाही. कागद टेबलावर राहिला आणि तो बाहेर आला. बाहेर ऊन कडक होतं, आणि त्याला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं वाटत होतं. कुणी दिली, ते कळत नव्हतं.

तुस्कानोंना मात्र त्यानं सगळं सांगितलं. ते कुदळीनं चर खणत होते, रस्ता आणि हिरवळ यांच्या मधोमध. ऐकताना खणायचं थांबले नाहीत.

"म्हणजे रस्त्यानं झालं?"

"मुख्य रस्त्यानं. माडांभोवतीचं आपलं."

"आपलं," त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. "माझं म्हण. तू आपला मध्ये येऊ नकोस. तुझं वय काय?"

"सव्वीस."

"मग गप्प बस. माझी दोन वर्षं राहिलीत. तुझी किती राहिलीत मोज." थोड्या वेळानं म्हणाले, "मी थँक्यू म्हणून आलो होतो रे त्याला. ऑफिसात जाऊन."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. खाऱ्या जमिनीला गोडं पाणी पाजायचं आणि ते खाली उतरायला वाट द्यायची. वाट नसेल तर मीठ फिरून वर येतं. चर गुडघाभर झाला. मेलेलं गवत आणि वरची वीतभर माती खरवडून त्यांनी ढीग लांब नेऊन टाकला. एकट्यानं, मदतीला माणूस मागितला, मिळाला नाही. हुसैनमियाँ पहाटे मेसची टाकी भरायच्या आधी अर्धा टँकर गोडं पाणी तिथं सोडून जाऊ लागले.

"किसी ने पूछा तो?" प्रशांतनं विचारलं.

"बोलूँगा टँकर रोता है. पुराना है, आँख से पानी आता है."

दिवसभर काम करून तुस्कानो संध्याकाळी माती चाखत. दहाव्या दिवशी म्हणाले, "कमी झालंय." पंधराव्या दिवशी त्यांनी ओढ्यातली धुतलेली वाळू आणून पसरली. लाँड्रीच्या मागं, सांडपाण्यावर, त्यांनी हरळीचा एक वाफा राखला होता. त्याला मीठ लागलेलं नव्हतं. तिथली मुळं काढून ते दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करत, ओल्या गोणपाटात ठेवत, सुतळी ताणून वीतभर अंतरानं ओळीत लावत.

प्रशांत सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, तुकडे करायला बसला.

"अंकल, लंचपर्यंत हिरवं होईल?"

तुस्कानोंनी आभाळाकडे पाहिलं. रात्री अजून गारठा पडत होता. "थंडीत हरळी झोपते. एप्रिलमध्ये जागी होईल."

"एप्रिल? मग आता कशाला लावताय?"

"एप्रिलमध्ये जागी व्हायला आत्ता जमिनीत पाहिजे ना." त्यांनी एक तुकडा दाबून बसवला. "रॉबिनला डोळे आहेत. ओळी दिसतील त्याला. माणूस कामाला लागलाय, हे दिसेल."

फेब्रुवारीच्या पंधरा-सोळा तारखेला रॉबिन आला, तेव्हा सात ओळी झाल्या होत्या. दुरून पाहिलं तर नुसती वाळू. जवळून पाहिलं तर वाळलेल्या काड्या. तो बराच वेळ उभा राहिला.

"अंकल, हे ग्रीन नाहीये."

"होईल. दोन महिने."

"माझ्याकडे दहा दिवस आहेत." त्यानं गॉगल काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी मस्कतहून ग्रीन कार्पेट मागवलंय. प्लॅस्टिकचं गवत. या पॅचवर टाकू. गेस्टना कळणार नाही. आणि… अर्बाबशी बोललो. मस्कतची गार्डन कंपनी येणार आता, कॉन्ट्रॅक्टवर. आय ॲम सॉरी, अंकल. बुधवारचं तिकीट आहे."

"कुठल्या बुधवारचं?"

"येत्या नाही. त्याच्या पुढच्या. लंचच्या आदल्या दिवशी."

"गालिचा या ओळींवर टाकणार?"

"हो."

"मग खाली उजेड जाणार नाही."

"अंकल," रॉबिन म्हणाला, आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी तुस्कानोंनी बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानातून घरी फोन लावला. प्रशांत सोबत गेला होता. काचेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. आधी थेरेसा होती. तेव्हा ते सामवेदीत हळू बोलत राहिले. मग ऑलविननं फोन घेतला असावा, कारण ते मराठीवर आले; मुलाशी ते मराठीतच बोलत.

"नाही, पगार बंद… हो, ठरलं होतं, मला आठवतंय, मीच ठरवलं होतं… सोमवारी? इतक्या लवकर?… अरे, मी येईपर्यंत थांब म्हण त्यांना… बुधवारी रात्री पोचतो… कागद तुझ्या आईच्या नावावर आहे, मला काय विचारतोस… बरं. बरं. कर सही."

बाहेर आल्यावर त्यांनी पैसे दिले. सुट्टे परत घ्यायला विसरले. दुकानदार हाक मारत मागं आला.

"अंकल, मी उद्या अर्बाबकडे जातो," प्रशांत म्हणाला. "त्या कागदाची दुसरी प्रत मागवता येते. सगळं सांगतो."

"वाडीची सही सोमवारी आहे."

"तरी पण."

"तरी पण काय?" ते पहिल्यांदाच त्याच्यावर चिडले. "तेव्हा गेलास का? मग आता काय माझं शेवटचं दर्शन घ्यायला जातोस?"

ते बरोबर होतं. थोडं पुढं गेल्यावर तुस्कानोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. चल, भूक लागलीय मला." पण मेसमध्ये त्यांनी ताट तसंच ठेवलं.

प्रशांत अर्बाबकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी उठताना तो ठरवायचा आणि नऊ वाजता सिमेंट मोजायला लागायचा.

तुस्कानो लावत राहिले. हुसैनमियाँ पहाटे पाणी सोडत राहिले. आठवी ओळ, नववी. सोमवार आला आणि गेला. वसईत सही झाली असणार. मंगळवारी मस्कतहून गालिच्याच्या गुंडाळ्या आल्या आणि गेस्ट हाऊसच्या पायऱ्यांपाशी उतरल्या. झगझगीत हिरव्या. हुसैनमियाँनी एकीला लाथ मारून पाहिली.

"इसको पानी नहीं लगता, तुस्कानो. अब मेरी भी छुट्टी."

तुस्कानो हसले. ते हसणं बघवलं नाही.

"अंकल, आता कशाला?" प्रशांत म्हणाला. तो त्यांच्यासमोर वाळूत बसला होता. "उद्या दुपारी हे सगळं झाकणार."

"दुपारी ना?"

"हो."

"मग सकाळ आहे."

बुधवारी पहाटे प्रशांत उठून आला तेव्हा ते आधीच तिथं होते. प्रवासाचा शर्ट घातलेला, बाह्या वर केलेल्या, गुडघ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा. एक सुटकेस आणि दोरीनं बांधलेलं खोकं गेटपाशी ठेवलेलं. प्रशांतनं तुकडे पुढं करायला सुरुवात केली. बोटानं भोक पाडायचं, तुकडा तिरका बसवायचा, अंगठ्यानं माती दाबायची. अकरावी ओळ संपली. त्यांनी खुंट्या उपटून सुतळी पुढं नेली, बाराव्या ओळीसाठी ताणली, आणि या वेळी आधी सगळी भोकं पाडून घेतली. तसं केलं तर काम भरभर होतं.

सहा वाजता मस्कतला जाणाऱ्या पिकअपनं हॉर्न वाजवला. त्यांनी आणखी चार तुकडे लावले. हॉर्न पुन्हा वाजला. ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, अंकल! एअरपोर्ट!"

तुस्कानो उठले. उठताना त्यांनी प्रशांतच्या डोक्याचा आधार घेतला. हात झटकले, नळावर धुतले, बाह्या खाली केल्या. काही सांगतील असं प्रशांतला वाटलं. त्यांनी सुटकेस उचलली, खोकं प्रशांतनं उचललं. पिकअपमध्ये बसल्यावर ते समोर बघत राहिले. काच वर होती.

गाडी गेल्यावर प्रशांत परत आला. सुतळी तशीच ताणलेली होती. बारावी ओळ मध्यापर्यंत आली होती. त्याच्या पुढं वाळूत वीतवीत अंतरावर सोळा भोकं होती, रिकामी, आणि शेवटच्या खुंटीपाशी ओल्या गोणपाटाखाली हरळीचे तुकडे.